कॉइलओव्हर की लोअरिंग स्प्रिंग : मुंबईत गाडी खाली घेताना कामाचा क्रम

गाडी दीड इंच खाली घेतली की वळणावर कमी झुकते, चाकाच्या कमानीतली मोकळी जागा भरून येते. महिन्याभरात पुढून ठकठक सुरू होते. मग शॉकअप बदलले जातात, मग माउंट (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारा रबरी जोड), आणि वर्ष संपताना टायर आतल्या बाजूने खाल्लेले सापडतात. बहुतेक वेळा माल वाईट नसतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी ‘किती खाली’ हे ठरतं, मग सामान विकत घेतलं जातं, आणि चाकाला वर-खाली व्हायला जागा किती उरली हे कुणीच मोजत नाही.

म्हणून इथे मोजण्यापासून सुरुवात केली आहे. गाडी खाली घ्यायचे मार्ग दोन : मूळ शॉकअपवर बसणारी लोअरिंग स्प्रिंग, किंवा कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी. उदाहरणं पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) असलेल्या हॅचबॅकची आहेत : पोलो, स्विफ्ट, आय२० या जातीच्या गाड्या. काम स्वतः करा किंवा गॅरेजमध्ये शेजारी उभं राहून करून घ्या, क्रम तोच ठेवा.

## टप्पा १ : गाडी आहे तशी मोजा

टायरमध्ये हवा बरोबर भरा, गाडी सपाट जागी लावा आणि चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्या मापात घुसते. चार आकडे वहीत हवेत. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर आहे.

आता जमिनीपासूनची उंची. कंपन्या आपल्याकडे बहुधा रिकाम्या गाडीचा आकडा छापतात. १६५ मिमी लिहिलेली गाडी चार माणसं आणि डिकीतल्या बॅगांसह ३५ ते ४० मिमी खाली बसते, म्हणजे हातात १२५ ते १३०. त्यातून ३५ मिमी कमी केले की ९० ते ९५ उरतात. हे पुरतील का?

ते गतिरोधकावर अवलंबून आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर लांब असतो, त्याच्या वक्राची त्रिज्या १७ मीटर. सुमारे २.४५ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी त्यावर मधोमध असते तेव्हा चारही चाकं उतारावर चढलेली असतात, आणि चाकांच्या रेषेच्या वर गतिरोधकाचा मधला भाग जेमतेम ४४ मिमी येतो. गाडी आरामात निघते. पण सोसायटीच्या गेटात सिमेंट ओतून केलेला, दीड फूट रुंद आणि तेवढाच १०० मिमी उंच उंचवटा दोन चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीने उभा राहतो. तिथे ९५ मिमीची गाडी पोट घासणारच. त्यामुळे तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात अरुंद आणि उंच गतिरोधक पट्टीने मोजा. तळघराच्या उताराचा वरचा कंगोरा आणि यांत्रिक स्टॅक पार्किंगच्या पॅलेटची पुढची कड हेही याच यादीत येतात.

शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी घेत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, पुढच्या स्ट्रटचं डस्ट कव्हर वर सरकवा आणि पिस्टन रॉडवर एक प्लास्टिकचा केबल टाय बांधा. तो जोर लावल्यावर सरकेल इतपतच घट्ट असावा. टाय खाली शॉकअपच्या डोक्याला टेकवा. तिथून बंप स्टॉपच्या, म्हणजे रॉडवरच्या रबरी ठोकळ्याच्या, खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मग आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा : ऑफिस, शाळा, पेव्हर ब्लॉकची गल्ली, खोदलेला रस्ता, सगळं. आठवड्यानंतर टाय किती वर ढकलला गेला ते बघा. मोकळी जागा ६० मिमी असेल आणि टाय ४५ पर्यंत गेला असेल, तर तुमच्याकडे शिल्लक फक्त १५ मिमी आहेत.

तपासणी : फेंडरची चार मापं, सगळ्यात वाईट गतिरोधकाची उंची, शॉकअपचा वापरलेला आणि उरलेला प्रवास (दबण्याची जागा). हे आकडे वहीत नसतील तर पुढचा टप्पा वाचू नका.

## टप्पा २ : स्प्रिंग की कॉइलओव्हर

लोअरिंग स्प्रिंग गाडी खाली आणते, पण शॉकअप जुन्याच लांबीचा राहतो. गाडी ३५ मिमी खाली आली की पिस्टन रॉडही ३५ मिमी आत जाऊन बसतो. वर उदाहरणात ६० मिमी मोकळे होते, ते आता २५ झाले. रोजच्या रस्त्याला लागत होते ४५. स्प्रिंग थोडी कडक असल्याने ही गरज जरा कमी होईल, पण २५ पर्यंत येणार नाही. मग गाडी प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर आदळते. तीच ती ठकठक. शॉकअपचं सील त्याच माराने जातं.

कॉइलओव्हरमध्ये शॉकअपची बॉडी मुळातच आखूड असते, त्यामुळे रॉड पुन्हा मधल्या जागी येतो. पण हे सगळ्याच किटांना लागू नाही. खालचा ब्रॅकेट आट्यांवर फिरतो ते किट उंची बदलताना शॉकअपचा प्रवास तसाच ठेवतं. स्वस्त किटमध्ये ब्रॅकेट जोडलेला असतो आणि फक्त स्प्रिंगखालची कॉलर फिरते. त्यात खाली घेतलेला प्रत्येक मिलिमीटर शॉकअपच्या प्रवासातून जातो, अगदी लोअरिंग स्प्रिंगसारखाच. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा : खालचा ब्रॅकेट फिरतो का?

दुसरा प्रश्न कडकपणाचा. समजा पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेलं वजन ३०० किलो आहे. मूळ स्प्रिंग २.५ किलो प्रति मिमी असेल तर ती १२० मिमी दबून बसते. लोअरिंग स्प्रिंग साधारण ३.१ ची धरली तर ९७ मिमी. कॉइलओव्हर किटमधली ६ ची स्प्रिंग असेल तर फक्त ५० मिमी. या आकड्यांवरून गाडीचे हेलकावे काढता येतात : मूळ गाडी सेकंदाला सुमारे १.४, लोअरिंग स्प्रिंगवर १.६, कडक कॉइलओव्हरवर २.२. पहिले दोन घरच्यांना चालतात. तिसऱ्यावर मागच्या सीटवरची आजी दुसऱ्यांदा गाडीत बसणार नाही.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चाक खड्ड्यात पडतं तेव्हा स्प्रिंगने ते खाली ढकलायचं असतं. ५० मिमी दबलेली स्प्रिंग ५० मिमीच पसरते. त्याहून खोल खड्ड्यात चाक क्षणभर लोंबकळतं आणि पलीकडची कड थेट रिमवर बसते. मुंबईत जुलैमध्ये हे रोज घडतं. म्हणून ट्रॅकसाठी बनवलेलं कडक किट इथे घेऊ नका, ते कितीही स्वस्तात मिळालं तरी. स्प्रिंगचा कडकपणा छापलेला नसलेलं किट तर मुळीच नको.

माझा निर्णयाचा नियम असा. शॉकअप सुस्थितीत आहेत, २० ते २५ मिमीच खाली घ्यायचं आहे आणि टायवर तेवढा प्रवास शिल्लक दिसतो, तर आयबाख किंवा एच अँड आर यांसारख्या नावाजलेल्या कंपनीच्या तुमच्याच मॉडेलसाठी बनलेल्या स्प्रिंग घ्या. गाडी ५०-६० हजार किलोमीटर चालली असेल तर त्याबरोबर नवे शॉकअपही. त्याहून खाली जायचं असेल, किंवा एकटे चालवताना आणि भरल्या गाडीत वेगळी उंची हवी असेल, तर फिरत्या ब्रॅकेटचं कॉइलओव्हर. मधला मार्ग, म्हणजे जुन्या शॉकअपवर ४० मिमीच्या स्प्रिंग, हा सगळ्यात महाग पडतो.

इशारा : मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली घेऊ नका. कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत (सीटमध्ये) बसत नाही, गॅसने तापवलेलं पोलाद आपला ताव गमावतं, आणि चाक लोंबकळताना सैल झालेली स्प्रिंग जागेवरून निसटू शकते.

## टप्पा ३ : कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सामानाची ऑर्डर देण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, तेव्हा तोंडी होकार कामाला येत नाही. नकार आला तर पुढचं काम रस्त्यावरच्या गाडीवर करू नका.

## टप्पा ४ : सामान आणि वेळ

जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. गाडी ३५ मिमी खाली येते तेव्हा इंजिनाचं हवा ओढणारं तोंडही ३५ मिमी खाली येतं. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेत, जिथे पावसाचं पाणी तुंबतं, तेवढ्याने फरक पडतो. दिवाळीनंतर करा, म्हणजे उंची ठरवायला कोरडे सात-आठ महिने मिळतात.

किटखेरीज हे सामान एकाच वेळी आणा : दोन्ही पुढचे स्ट्रट माउंट आणि त्यांची बेअरिंग, नवे बंप स्टॉप, डस्ट कव्हर, लिंक रॉड (स्ट्रटला झुकणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याशी जोडणारा), आणि एकदाच वापरायचे असलेले नटबोल्ट. फोक्सवॅगन आणि स्कोडामध्ये असे बोल्ट बरेच असतात, मॅन्युअलमध्ये बघून यादी करा. गाडी बरीच खाली जात असेल तर मूळ लिंक रॉड लांब पडतो, तिथे आखूड किंवा कमी-जास्त करता येणारा घ्या. ऑपेरा हाउसच्या बाजारात यातलं बरंच मिळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे काढलेले माउंट मात्र नकोत. रबराचं वय बाहेरून दिसत नाही.

पेटी उघडल्यावर स्प्रिंगवरचा पार्ट नंबर कागदाशी जुळवा. पुढची-मागची वेगळी करून खडूने खूण करा. आदल्या रात्री सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा. वरळी, वर्सोवा अशा खाऱ्या वाऱ्यातल्या गाड्यांना दोन रात्री लागतात.

## टप्पा ५ : पुढची बाजू

1. गाडी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.
2. स्ट्रट आणि नकल (चाकाचं हब धरणारा भाग) जोडणाऱ्या बोल्टच्या जागी खूण करा, म्हणजे अलाइनमेंटला जाईपर्यंत चाक ढोबळमानाने सरळ राहील.
3. लिंक रॉड सोडवा. ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर त्यांच्या क्लिपांतून मोकळी करा. ही पायरी विसरली की वायर ताणून तुटते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.
4. नकल खालून टेकवून ठेवा. ते बाहेर झुकलं तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा सुटू शकतो.
5. खालचे बोल्ट काढा, मग वरचे माउंटचे नट काढा आणि स्ट्रट बाहेर घ्या. मधला मोठा नट अजून काढायचा नाही.
6. स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर लावा, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्याथोड्या आवळा. स्प्रिंग सीटवर सैल हलायला लागली की मगच मधला नट काढा.
7. नवी जुळणी करताना स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेत बसलं का ते बोटाने चाचपून बघा. बंप स्टॉप कापायचा की नाही हे कंपनीचा कागद सांगेल. तो मुळीच काढून टाकायचा नसतो.
8. मधला नट ॲलन कीने रॉड धरून, हातच्या पान्याने आवळा.

इशारा : मधल्या नटावर हवेची गन चालवली की रॉड आत गरगर फिरतो आणि नव्या शॉकअपचं सील पहिल्याच दिवशी चिरतं. गॅरेजमध्ये सवयीने गन उचलली जाते. तुम्ही तिथे असाल तर हात धरून थांबवा. दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोरही कुणी उभं राहू नये.

कॉइलओव्हर असेल तर बसवण्याआधी आट्यांना गंजरोधक ग्रीस लावा आणि दोन्ही बाजूंची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजून सारखी करा. खालच्या ब्रॅकेटमध्ये किती आटे आत असायलाच हवेत ते किटच्या कागदावर असतं. त्याहून कमी आट्यांवर उंची वाढवू नका.

## टप्पा ६ : मागची बाजू

टॉर्शन बीमच्या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, त्यामुळे कॉइलओव्हर किटमध्येही मागे फिरत्या तबकडीची स्प्रिंग आणि सुटा शॉकअप मिळतो. काम सोपं आहे. बीम जॅकने पेला, शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, बीम हळू उतरवा, स्प्रिंग बदला. होस ताणला जातोय का एवढं बघा.

तपासणी : बीम पूर्ण खाली लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलवून बघा. ती सैल फिरत असेल तर उंची वाढवा किंवा मदतीची छोटी स्प्रिंग घाला. तशीच सोडू नका.

## टप्पा ७ : बुश वजनावर आवळा

हा टप्पा मी स्वतः चुकवला होता. लोअर आर्मच्या (चाक खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशचं, म्हणजे सांध्यातल्या तुकड्याचं, रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी लिफ्टवर असताना आर्म खाली लोंबकळत असतो. त्या अवस्थेत बोल्ट आवळला की रबराची ‘शून्य’ जागा तीच होते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या गाडीचे दोन्ही बुश फाटले, आणि तोवर गाडी स्प्रिंगच्या आकड्यापेक्षा वर बसत होती म्हणून मी उगाच कॉलर खाली फिरवत राहिलो होतो.

बरोबर पद्धत : बुशमधून जाणारे सगळे बोल्ट लिफ्टवर फक्त हाताने धरवा. चाकं लावा, गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर चाकांवर उभी करा, पुढून-मागून चार वेळा दाबून हलवा, आणि मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. गॅरेजने लिफ्टवरच सगळं आवळून दिलं असेल तर ते बोल्ट सैल करून परत हेच करा. दहा मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ८ : उंची बसवणे

लोअरिंग स्प्रिंगवाल्यांना इथे फक्त मोजायचं आहे. डावी-उजवीत पाचेक मिमीहून जास्त फरक दिसला तर स्प्रिंगचं टोक खाचेत नाही, किंवा टप्पा ७ राहिला.

कॉइलओव्हरवाल्यांसाठी : प्रीलोड (कॉलरने स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) म्हणजे कडकपणा, हा गैरसमज आधी सोडा. सरळ दराची स्प्रिंग कॉलरने कितीही दाबली तरी तिचा दर तोच राहतो. फिरत्या ब्रॅकेटच्या किटमध्ये कॉलर कंपनीने सांगितलेल्या प्रीलोडवर आवळून सोडून द्या आणि उंची फक्त खालच्या ब्रॅकेटने बदला. प्रत्येक बदलानंतर गाडी थोडी पुढे-मागे चालवून मगच मोजा. जॅकवरून नुकतीच उतरलेली गाडी खोटी उंची दाखवते.

किती खाली जायचं याची मर्यादा लोअर आर्म सांगतो. गाडी चाकांवर असताना खाली वाकून बघा. आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा खाली किंवा फार तर समपातळीत असावं. ते वर गेलं की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतं आणि गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त झुकू बघते. ती झुकवण थांबवायला लोक आणखी कडक स्प्रिंग घालतात. दहा मिमी वर घेतलं असतं तरी भागलं असतं.

तपासणी : स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून टायर आतल्या लायनरला घासतो का बघा. मग मागे तीन माणसं बसवून तेच पुन्हा करा.

## टप्पा ९ : अलाइनमेंट दोनदा

स्ट्रटची गाडी खाली आली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं पुढचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं) दोन्ही बदलतात. टायर खाणारा मुख्य दोषी टो आहे. त्यामुळे गाडी घरी नेण्याआधी टो सरळ करून घ्या, आणि ३०० ते ५०० किलोमीटरनंतर, स्प्रिंग बसल्यावर, पूर्ण अलाइनमेंट करा. चालकाच्या वजनाइतकं ओझं सीटवर ठेवायला सांगा आणि आधीचा-नंतरचा कागद मागून घ्या. ‘केलं आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

त्याच दिवशी हेडलाइटची दिशा तपासून घ्या. पुढचं नाक मागच्यापेक्षा जास्त खाली गेलं असेल तर उजेड जवळच पडतो. काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांना त्याचं कॅलिब्रेशनही करावं लागू शकतं.

## टप्पा १० : डॅम्पिंगची बटणं

शॉकअपचा कडकपणा बदलणारं बटण घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, तिथून मागे मोजत या. मोजणी नेहमी याच टोकापासून, आणि डावी-उजवी अगदी सारखी. मधल्या क्लिकपासून सुरुवात करा.

चाचणीसाठी एकच ओळखीचा तुकडा निवडा, ज्यात सिमेंटच्या रस्त्याचे सांधे, एक पेव्हर ब्लॉकचा पट्टा आणि एक उड्डाणपुलाचा जोड असेल. रविवारी पहाटे, एकाच वेगाने. जोडावरून उतरल्यावर गाडी दुसऱ्यांदा वर उसळत असेल तर दोन क्लिक कडक करा. सलग सांध्यांवर गाडी हळूहळू खाली दबत जाते आणि कडक-कडक लागायला लागते असं वाटलं तर उलट दोन क्लिक सैल करा : शॉकअप स्प्रिंगला पुढच्या धक्क्याआधी परत पसरू देत नाहीये. लोक इथे नेमकं उलटं करतात, गाडी आदळते म्हणून आणखी कडक करतात. एका वेळी एकच जोडी बदला, पुढची किंवा मागची, आणि आकडा वहीत लिहा.

## टप्पा ११ : पावसाळ्याआधी आणि नंतर

मेअखेर आट्यांवरची माती ब्रशने काढून पुन्हा गंजरोधक ग्रीस लावा. केडब्ल्यूसारख्या कंपन्या बॉडी स्टेनलेस पोलादाची करतात, त्यांना कमी त्रास होतो. साध्या मुलाम्याच्या किटमध्ये खारी हवा आणि चिखल मिळून कॉलर दोन पावसात जाम होते आणि मग हातोडी-छिन्नीने आटे बिघडतात. पावसाळ्यात १० ते १५ मिमी वर घ्यायची असेल तर तेही याच दिवशी करा, आणि उंची बदलली की टो पुन्हा तपासा.

ऑक्टोबरमध्ये चारही कॉलर एक फेरा सोडून परत जागेवर आणा, रॉडवर तेलाचा ओघळ दिसतो का पाहा, माउंटच्या बेअरिंगवर हात ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. आणि पिस्टन रॉडवर नवा केबल टाय बांधून आठवडाभर गाडी चालवा. तो बंप स्टॉपला टेकलेला सापडला तर खालच्या ब्रॅकेटने उंची वाढवून उपयोग नाही, त्याने शॉकअपचा प्रवास वाढत नाही; इथे मात्र स्प्रिंगखालची कॉलर कंपनीच्या मर्यादेत पाच मिमी वर घ्या आणि पुढचा आठवडा पुन्हा मोजा.